चौथा पाय कुठंय?

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघानं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली डौलात करून घ्यायच्या घोडेस्वारीतल्या संघानं, सुवर्णपदक मिळवलं. त्या चौघांत आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीत आपल्याला याआधीचं सोनं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मिळालं होतं, म्हणजे मधे ४१ वर्षं गेली. त्या पदकानंतर इंदुरात दोन गोष्टी वाढल्या. एक म्हणजे मुलांना घोड्यावर बसवायला निघालेले आईबाप, आणि दुसरी म्हणजे "दादा, घोड्यांच्या फोटोग्राफीत काही होतं का?" असं विचारणारी पोरं.

होतं. पण नुसत्या घोड्यांवर घर चालायला वेळ लागतो, आणि तोवर लग्नाच्या ऑर्डरी सोडायच्या नाहीत. मी रामबागेतला माणूस, माझी सुरुवातही मुंजी-लग्नांतूनच झाली. आजही लगीनसराईत मी मांडवात असतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. लेन्सचे हप्ते त्यातूनच फिटले.

आता मुद्द्याचं. या धंद्यातलं गिऱ्हाईक फोटो बघत नाही, घोडा बघतं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी हसली, उजेड छान पडला, की काम झालं. इथं मागचा सूर्यास्त कितीही सुंदर येऊ द्या, घोडेवाला आधी पाय मोजतो. पुढचा एक पाय दुसऱ्याआड लपला की लगेच विचारतो, "भाऊ, चौथा पाय कुठंय?" मग कान कुठं वळलेत, लगाम ताणलाय का, तोंड वासलंय का, स्वाराची मांड पक्की आहे का. हे सगळं जमलं तरच तो सूर्यास्ताकडे वळतो. घोड्यांच्या चित्रांमुळे जगभर ओळखले गेलेले चित्रकार हुसेन इंदुरातच वाढले, देवळालीकरांच्या हाताखाली इथंच शिकले. त्यांच्या घोड्याचे पाय कुणी मोजले नाहीत. आपले मोजतात.

म्हणून कॅमेऱ्याआधी घोड्याची चाल शिका. डोळ्याला ती दिसत नाही, हे लक्षात घ्या. शतकानुशतकं चित्रकार भरधाव घोडा पुढचे पाय पुढं आणि मागचे पाय मागं ताणून हवेत तरंगताना काढत आले. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा उलगडा झाला. चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नाही. आजही नवखा माणूस नेमक्या त्या गोळा झालेल्या क्षणी बटण दाबतो आणि फोटोत घोडा गाठोड्यासारखा दिसतो.

साध्या चालीत चार ठोके असतात. एकाच बाजूचा मागचा पाय पुढं येतो आणि पुढचा पाय उचलायच्या बेतात असतो, तेव्हा त्या दोन पायांचा इंग्रजी व्ही होतो. ड्रेसाजवाले नेमका तोच शोधतात. दुडकीत दोन ठोके, तिरपे पाय जोडीनं उचलले जातात: पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग उलट. त्या जोडीतले दोन्ही पाय सारख्याच कोनात पुढं गेलेले असतील तेव्हा फोटो घ्यायचा. कॅन्टरला, म्हणजे दुडकीच्या वरच्या वेगाला, तीन ठोके आणि मग एक अधांतरी क्षण. यात पुढचा भाग वर उचललेला आणि मागचे पाय अंगाखाली आलेले असतील, तर घोडा चढावर निघाल्यासारखा दिसतो आणि कोच खूश होतात. पुढचा भाग खाली झुकलेला फोटो कितीही कडक असला तरी मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही.

ड्रेसाजमध्ये आणखी एक बघायचं. घोड्याचं नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढं हवं. हनुवटी छातीकडे ओढलेली दिसली, की जाणकार त्याला जबरदस्ती म्हणतात आणि फोटो रायडरच्या अंगाशी येतो. हे ठोके कानानं शिकायचे. आठवडाभर कॅमेरा घरी ठेवून रिंगच्या कडेला डोळे मिटून बसा आणि टापा मोजा. बोट आपोआप ठोक्यावर पडायला लागतं. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा असला की याची गरज नाही, असं काही जण म्हणतात. त्यांनी रात्री तीन हजार फोटो चाळायला बसावं.

जंपिंग त्या मानानं सोपं वाटतं, आणि नवशिके तिथंच गर्दी करतात. फेरी सुरू व्हायच्या आधी रायडर पायी मैदान फिरून अडथळे मोजतात, तेव्हा परवानगी काढून त्यांच्या मागून फिरा. प्रत्येक अडथळ्याला उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरा झेंडा असतो, त्यावरून घोडा कुठल्या बाजूनं येणार ते कळतं. सगळे अडथळे टिपायच्या मागं लागू नका. पार्श्वभूमी स्वच्छ असलेला एक निवडा, समोरून तिरकस उभे राहा आणि तिथंच थांबा. उडी सर्वांत उंच पोचण्याच्या किंचित आधीचा क्षण घ्यायचा: पुढचे दोन्ही गुडघे सारखे वर दुमडलेले, कान पुढं, स्वाराची नजर पुढच्या अडथळ्यावर. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. टेन्ट पेगिंगला तर १/२००० लावा, कारण भाल्याच्या टोकावर मेख जमिनीतून उपटली जाते तो क्षण आणि त्यासोबत उडणारी माती, एवढ्यावरच तो फोटो उभा असतो.

सामानाचं फार लांबवत नाही. ७०-२०० ची एफ २.८ लेन्स असेल तर नव्वद टक्के कामं होतात. सुरुवातीला ती भाड्यानं घ्या. वाइड लेन्सनं जवळून घोडा काढू नका, डोकं हंड्याएवढं आणि मागचा भाग शेळीचा येतो. मोबाइलवाल्यांचे फोटो बघून घोडेमालक वैतागतात ते यामुळेच. लांब उभं राहायचं, झूम करायचं आणि कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीला धरायचा, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला नाही. कॅमेरा सगळ्याला राखाडी समजून उजेड मोजतो, त्यामुळे वरातीतला पांढरा नुकरा मळका येतो आणि काळा घोडा धुरकट. पांढऱ्याला एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप वाढवा, काळ्याला तेवढंच उतरवा. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा काळ्या आयाळीचा घोडा सकाळच्या उन्हात तांब्यासारखा चमकतो, त्याला फारसं काही करावं लागत नाही.

फ्लॅश नाही, म्हणजे नाहीच. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं. त्यामुळे मागून जायचं नाही, आणि जावंच लागलं तर तोंडानं आवाज देत जायचं. लग्नात आपण गोल रिफ्लेक्टर फटकन उघडतो ना, तो तबेल्यात उघडला तर घोडा बुजून अगाडी-पिछाडी तोडून निघेल. बॅगेचं चिकटपट्टीचं झाकण फर्रकन उघडू नका, कॅमेऱ्याचा बीप बंद ठेवा, प्लास्टिकचं रेनकव्हर फडफडू देऊ नका. ड्रोनचं नाव तर घोडे आत असताना काढूच नये.

तबेल्यात तुमची खरी ओळख मालकाशी व्हायची नसते, साईसशी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याशी, व्हायची असते. घोडा कधी खुशीत असतो, कुठल्या बाजूनं माणूस आला की कान पाडतो, चंदी किती वाजता, खरारा कधी, हे त्यालाच माहीत. मी आजही पहिला चहा साईसबरोबर घेतो आणि छापलेला पहिला फोटो त्याच्या हातात देतो, त्यात तो स्वतः असलेला. मालकाच्या दिवाणखान्यातल्या फोटोंत तो कधीच नसतो. त्यापुढं घोडा माझ्यासाठी उभा राहतो की नाही, ते तोच बघतो.

पैशाचा सर्वांत खात्रीचा झरा म्हणजे विक्रीचे फोटो, आणि ते शिकायला सारंगखेड्यासारखी शाळा नाही. शहादा तालुक्यात तापीकाठी, दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोडेबाजारासाठी नावाजलेली आहे. हल्ली तिथं चेतक फेस्टिव्हलही होतो. इंदुराहून आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधवा ओलांडून शिरपूर, आणि तिथून शहाद्याच्या बाजूला. मारवाडी, काठियावाडी, नुकरे सगळे एका जागी बघायला मिळतात. मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात, ते दोन्ही फोटोत आले नाहीत तर मालक पैसे देत नाही.

एक घोडा उभा करायला कधी कधी अर्धा तास जातो. जमीन सपाट हवी, गवत घोट्यापर्यंत असेल तर खूर दिसत नाहीत. अंगावरून ओलं फडकं फिरवायचं, नाकपुड्या-डोळे पुसायचे, खुरांना तेलाचा हात. आपल्याकडचा पुढचा पाय जरा पुढं, आपल्याकडचा मागचा जरा मागं, म्हणजे पलीकडचे दोन आत दिसतात आणि चौथा पाय हरवत नाही. साईस मानेच्या पुढं दोरी सैल धरून उभा. आता दुसरा माणूस समोर पंधरा पावलांवर डब्यात चणे खुळखुळवतो. घोडा कान टवकारतो, मान उचलतो, आणि त्या एका सेकंदात तीन-चार फोटो. दुसऱ्यांदा त्याच डब्याला घोडा फसत नाही, तेव्हा खिशातली वेगळी युक्ती काढायची. मी मोबाइलवर शिंगराच्या खिंकाळण्याचा आवाज ठेवलाय. घोड्यांना तो चालतो, शेजारच्या पालातल्या लोकांना नाही. रेवाल चालीचा घोडा असेल तर फोटोवर भागत नाही, व्हिडिओच लागतो. वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही, हे गिऱ्हाइकाला दिसायला हवं.

इथंच मोह येतो. शेठ म्हणतो, हा केसांचा भोवरा तेवढा पुसून टाका, किंवा चौथ्या पायाला पांढरा मोजा चढवा म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी होईल. गळ्यावरच्या देवमण नावाच्या भोवऱ्याला किंमत मिळते आणि अशुभ मानलेल्या भोवऱ्यानं सौदा फिसकटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या शुभ-अशुभावर माझा काडीचा विश्वास नाही, पण म्हणून मी भोवरा पुसत नाही. दोरी पुसतो, मागचा विजेचा खांब पुसतो, अंगावरची माशी पुसतो. घोड्याला हात लावत नाही. या बाजारात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि एकदा 'हा फोटोत घोडा बदलतो' अशी बोलवा झाली, की खरे फोटोही कुणी धरत नाही.

शाळांचे आणि क्लबांचे शो ही दुसरी वाट. इंदुरात डेली कॉलेजसारख्या शाळांत घोडेस्वारी शिकवतात, भोपाळजवळ बिशनखेडीला राज्याची अकादमी आहे. इथं फोटो एकेक करून विकायच्या भानगडीत पडू नका. आईबाप व्हॉट्सॲपवरच्या नमुन्याचा स्क्रीनशॉट घेतात आणि वॉटरमार्कसकट स्टेटसला लावतात. त्यापेक्षा आयोजकाकडून दिवसाचे ठरावीक पैसे घ्या, निम्मे आधी. एका संस्थेनं माझे फोटो सलग दोन वर्षं जाहिरातीत वापरले आणि पैशाचा विषय काढला की 'सर मीटिंगमध्ये आहेत'. तेव्हा कायदा वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणारा असतो, आपण नसतो. म्हणून फोटो कुठं आणि किती काळ वापरायचे, हे आधी कागदावर घ्या. एक पान पुरतं. लहान मुलांच्या फोटोंना पालकांची लेखी परवानगी त्याच पानावर.

रायडरच्या डोक्यावर हेल्मेट नसलेला फोटो देऊ नका. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं २०२१ पासून ड्रेसाजमधली उंच टोपीसुद्धा बंद केली, त्यामुळे तसा फोटो कुठला संघ, कुठला प्रायोजक वापरणार? महूच्या लष्करी छावणीत घोडे बघायला जाल, तर लेखी परवानगीशिवाय कॅमेरा बॅगेतून बाहेर काढू नका. ओळखीच्या सुभेदार साहेबांनी फोनवर 'आ जाओ' म्हटलं, ही परवानगी नव्हे.

खोगिरं-लगाम बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगचं काम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. कानपूर या मालासाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या सॅडलरीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि माल परदेशी जातो. हे काम कंटाळवाणं असतं, पण पैसे वेळेवर येतात. शिवाय बकल, टाके, रिकिबी यांची नावं पाठ होतात, ती पुढं रायडरशी बोलताना उपयोगी पडतात.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात घोडा आणि फोटोग्राफर दोघांनीही सावलीत असावं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, डब्यात सिलिका जेल टाका आणि तो रिकामा वेळ स्वतः घोड्यावर बसायला वापरा. निदान दुडकीपर्यंत या. घोड्यांत ग्लँडर्सची साथ आली की जनावरांची ने-आण थांबते आणि यात्रा ऐन वेळी रद्द होऊ शकते, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या तीन-चार दिवस आधी पोचा, चांगले घोडे लवकर विकले जातात. गावात राहायची सोय बेताची आहे, खोली शहाद्यात बघा.