वेबसाइटवर भलत्याच जाहिराती उगवतायत? या चुका टाळा

मामांचा फोन आला. "अरे, तुझी किल्ल्यांची साइट उघडली की आयफोन लागला म्हणतंय. दाबू का?" मी लॅपटॉपवर पाहिलं तर साइट स्वच्छ. मामांनीच काहीतरी भलतं डाउनलोड केलं असणार, असं धरून चार दिवस घालवले.

पहिली चूक हीच. साइटमध्ये चोरून घुसवलेला जाहिरातींचा कोड बऱ्याचदा लॉगिन केलेल्या मालकापासून लपतो आणि गूगलवरून, मोबाइलवर आलेल्या पाहुण्यालाच गाठतो. म्हणून लॉगआउट करा, मोबाइलवर इन्कॉग्निटो उघडा, गूगलवर साइट शोधून तिथूनच आत शिरा. एकाच फोनवर सगळ्याच साइट्सवर जाहिराती येत असतील, तर मात्र दोष फोनचा.

माझ्याकडे दोष थीमचा, म्हणजे साइटच्या रंगरूपाच्या तयार साच्याचा निघाला. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरची विकतची थीम 'नल्ड' करून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून, फुकट वाटणारा काही दानशूर नसतो! थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये अगदी वर अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ होती. ती उडवली आणि झोपलो. सकाळी ओळ परत हजर. तोच कोड वापरात नसलेल्या थीममध्येही शिरला होता, तिथून तो पुन्हा पसरला. नुसती ओळ पुसून भागत नाही. नको त्या थीम आणि प्लगइन काढून टाका, वर्डप्रेसच्या मूळ फाइल्स अधिकृत ठिकाणाहून नव्याने टाका, युजरच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का बघा, आणि होस्टिंगसकट सगळे पासवर्ड बदला. जुना बॅकअप चढवताना जपून, कीड त्यातही असू शकते.

थीम विकतची असली तरी दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट घात करते. जुन्या ब्राउझरवर नव्या साइट्स चालाव्यात म्हणून स्क्रिप्ट पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ वर्षानुवर्षं भरवशाचं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते नव्या मालकाकडे गेलं आणि जूनपर्यंत त्याच स्क्रिप्टमधून मोबाइलवरचे वाचक भलत्या साइट्सवर ढकलले जाऊ लागले. एक लाखाहून जास्त साइट्स ती वापरत होत्या. तुमचा तो फुकटचा व्हिजिटर काउंटर खरंच हवाय का?

साइट अजून एचटीटीपीवर, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय असेल तर वाटेतही कुणी जाहिरात घुसवू शकतं. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते बसवा. आणि गूगलची जाहिरातसेवा ॲडसेन्स लावली असेल तर आधी ऑटो ॲड्समधलं विन्येट, म्हणजे पान बदलताना येणारी पानभर जाहिरात, बंद करून बघा. ती कधीकधी आपणच मागवलेली असते.

साइट साफ झाली तरी मामांच्या फोनवर बक्षिसं लागतच होती. त्यांनी तेव्हा नोटिफिकेशनची परवानगी मागणाऱ्या चौकटीत 'अलाउ' दाबलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समधून त्या अनोळखी साइटची परवानगी काढली, तेव्हा कुठे थांबलं.