पायी, सायकलने आणि एसटीने: आपल्या गावातील रस्त्यासाठी मागणी कशी लावून धरावी

रस्त्याविषयीची बहुतेक निवेदने "शहरातील वाहतूक व्यवस्था सुधारावी" अशा मोघम वाक्याने सुरू होतात आणि तिथेच संपतात, कारण ते वाक्य वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय करायचे, कुठे करायचे आणि ते आपल्या अखत्यारीत येते की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. याउलट, अमुक शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडण्याचे पट्टे नाहीत, दुभाजकात थांबायला जागा नाही आणि हा रस्ता आपल्याच उपविभागाकडे आहे, असे लिहिलेला कागद बाजूला सारणे अवघड जाते. मराठवाड्यातील पायी चालणारे, सायकलवरून शाळेत जाणारे आणि एसटीवाचून दुसरा आधार नसलेले लोक यांच्यासाठी काही करू पाहणाऱ्यांनी आपली मागणी लहान, नेमकी आणि लेखी ठेवावी.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत सुमारे ३३ हजार पादचारी होते. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. तरीही निवेदनाचा भार त्यावर टाकू नये. अधिकाऱ्यासमोर ठेवायचा आकडा आपल्या चौकातला असावा आणि तो आपण स्वतः मोजलेला असावा.

आधी मोजणी

सुरुवातीला एकच जागा निवडावी: एक शाळा, एक चौक किंवा एक बसथांबा. सोबत मोजपट्टी, वही आणि मोबाइल घेऊन दोघा-तिघांनी त्या ठिकाणी शाळा भरताना, शाळा सुटताना आणि रात्री दिवे लागल्यानंतर उभे राहावे. तासाभरात किती जणांनी रस्ता ओलांडला, त्यांत मुले किती, वृद्ध किती, सायकली किती गेल्या आणि आजीबाईंना पलीकडे जाण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागले, हे सारे जागेवरच लिहून घ्यावे. घरी येऊन आठवून लिहिलेली नोंद बैठकीतील पहिल्याच प्रश्नाला कोलमडते.

त्यानंतर पदपथ पाहावा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:१०३ या मार्गदर्शक संहितेनुसार निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. 'मोकळी' हा येथे कळीचा शब्द आहे. कागदावर दोन मीटर असलेला पदपथ विजेच्या रोहित्राजवळ, जाहिरात फलकाच्या खांबापाशी किंवा उघड्या चेंबरपाशी फूटभरही उरत नाही आणि माणूस नाइलाजाने डांबरावर उतरतो. अशा प्रत्येक जागी मोजपट्टी आडवी धरून, आकडा दिसेल असे छायाचित्र घ्यावे. पाहणीच्या वेळी काठी टेकत चालणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या एखाद्या व्यक्तीला सोबत येण्याची विनंती करावी, कारण धडधाकट माणसाच्या लक्षात न येणाऱ्या अडचणी त्यांना पहिल्या दहा पावलांत जाणवतात.

आपल्याकडे आणखी एक बाब नोंदवायला हवी, ती म्हणजे सावली. पारा चाळिशी ओलांडतो त्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराला जो रस्ता चालता येत नाही, तो पदपथ असूनही निरुपयोगी ठरतो. रुंदीकरणात गेलेले लिंब आणि वड यांच्या जागी काय लावले, ते जगले का, हा प्रश्न चालणाऱ्यांच्या हक्काचाच आहे आणि तो मागणीत आला पाहिजे.

रस्ता कोणाचा, हे शोधणे

निवेदने वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ती चुकीच्या दारात दिली जातात. एकाच गावात बाजारपेठेचा रस्ता नगरपरिषदेचा, त्याला मिळणारा जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, खेड्याकडे वळणारा जिल्हा परिषदेचा आणि वेशीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणखी वेगळ्या यंत्रणेचा असू शकतो. सोलापूर–धुळे हा ५२ क्रमांकाचा महामार्ग धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. तुळजापूर–लातूर–नांदेड मार्ग ३६१ क्रमांकाचा आहे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग, ही ओळख पहिल्या अंदाजापुरती पुरते. मात्र बाह्यवळण झाल्यानंतर गावातील जुना भाग कोणाकडे वर्ग झाला, याचे उत्तर दगड देत नाही.

त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करून त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा. "रस्ता खराब का आहे?" असे विचारू नये, कारण अभिप्राय देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. कागद मागावेत: मालकीची नोंद, मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, नकाशात दाखवलेली पदपथाची रुंदी आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. ही शेवटची तारीख फार मोलाची असते, कारण ती उलटण्यापूर्वी उखडलेले काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्यापुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे.

निवेदन आणि त्याची पोच

निवेदन एका पानाचे असावे. त्याचा मुख्य भाग साधारण असा लिहिता येईल:

"अमुक रस्त्यावर अमुक विद्यालयाच्या फाटकासमोर आम्ही अमुक तारखेला सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळेत मोजणी केली. तीत रस्ता ओलांडणाऱ्या व्यक्तींची, त्यांतील विद्यार्थ्यांची आणि सायकलींची संख्या सोबतच्या तक्त्यात दिली आहे. येथे ओलांडण्याचे पट्टे आणि दुभाजकात थांबण्याची जागा नाही. पदपथ रोहित्राजवळ खंडित झाला आहे. हा रस्ता आपल्या उपविभागाकडे असल्याचे माहिती अधिकारातील उत्तराने स्पष्ट झाले आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी येथे उंचावलेले पादचारी पट्टे आणि दुभाजकात सुरक्षित थांबा करून द्यावा आणि कार्यवाहीची तारीख आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती."

यात भावनेला हात घालणारे एकही विशेषण नाही आणि ते मुद्दामच. निवेदन साहेबांच्या हातात देऊन छायाचित्र काढले की काम झाले, असे समजू नये. आवक विभागात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हा क्रमांक नसेल तर महिन्याभराने त्या कागदाचा माग लागत नाही. शासकीय कार्यालयात कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे २००५ चा दप्तर दिरंगाईविषयक कायदा सांगतो. स्मरणपत्रात त्याचा सौम्य उल्लेख पुरेसा होतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात तो दिवस. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही असते. पोलीस, परिवहन आणि बांधकाम विभाग तेथे एकाच टेबलाभोवती बसत असल्यामुळे "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर तेथे टिकत नाही. आपला विषय समितीच्या बैठकीत घ्यावा, असे स्वतंत्र पत्र द्यावे आणि बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. राष्ट्रीय महामार्गावरील पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यास त्याला अपघातप्रवण स्थळ मानले जाते, पण तोवर थांबण्याचे काहीच कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या आखणीत आणि देखभालीत मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि सुरक्षित पदपथ हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. हे दोन्ही आधार पत्राच्या शेवटी एका वाक्यात द्यावेत.

गतिरोधकाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. अपघात झाला की गावात पहिली मागणी गतिरोधकाची होते आणि रातोरात डांबराचा उंचवटा टाकला जातो. आयआरसीच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा; आपल्याकडचे बहुतेक उंचवटे याच्या आसपासही नसतात आणि अंधारात सायकलस्वाराला तेच पाडतात. म्हणून सपाट माथ्याचे उंचावलेले पट्टे, दुभाजकातील थांबा आणि वळणाचा कोपरा अरुंद करणे, या उपायांची मागणी करावी. त्यांनी वाहनाचा वेगही कमी होतो आणि चालणाऱ्याला वाटही मिळते.

एसटीची फेरी

मराठवाड्यातील बहुसंख्य गावांसाठी सार्वजनिक वाहतूक म्हणजे एसटीच. छत्रपती संभाजीनगरात २०१९ पासून स्मार्ट बस धावू लागली, पण तालुक्याच्या गावाला जोडणारी सकाळची फेरी चुकली की मुलीचा दिवस बुडतो आणि असे चार-सहा वेळा घडले की घरचे शिक्षणच थांबवतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. पण गाडी वेळेवर आली नाही तर यातील एकही सवलत हातात पडत नाही. त्यामुळे नवीन फेरीपेक्षा वेळ बदलण्याची मागणी अनेकदा अधिक उपयोगी ठरते आणि ती लवकर मान्यही होते, कारण तिला जादा गाडी किंवा जादा चालक-वाहक लागत नाहीत.

त्यासाठी मार्गावरील प्रत्येक गावातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, महाविद्यालय भरण्याची व सुटण्याची वेळ आणि सध्याच्या फेरीची थांब्यावर येण्याची प्रत्यक्ष वेळ यांचा आठवडाभराचा तक्ता करावा. त्याला मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचे पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांना द्यावा आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. हिंगोलीकरांनी लक्षात ठेवावे की त्यांचा जिल्हा परभणी विभागात येतो. आगारात फेरीचा निर्णय भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर होतो; म्हणून "गावाची गैरसोय होते" या वाक्यापेक्षा "या वेळेला इतके पासधारक आणि इतके तिकीटधारक नक्की मिळतील" हे वाक्य तेथे अधिक वजनदार ठरते. हे काम मे महिन्यात उरकावे, शाळा भरल्यावर नव्हे. मुक्कामी गाडी बंद झाली असेल तर ती का झाली, हे आधी वाहकांना विचारावे. रात्री झोपायला जागा नसणे किंवा शौचालय नसणे अशी कारणे ग्रामपंचायतीच्या हातात असतात आणि तीच सोडवली की गाडी परत येण्याचा मार्ग मोकळा होतो.

हंगाम ओळखून

गाळप हंगामात बीड, लातूर, धाराशिव, परभणी भागांत ऊस भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराला त्या दिसत नाहीत. ट्रॉलीच्या मागे रेडियमच्या पट्ट्या आणि लाल दिवा असावा, बंद पडलेली ट्रॉली साइडपट्टीच्या बाहेर घ्यावी, या दोन मागण्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांकडे आणि परिवहन कार्यालयाकडे सप्टेंबरातच द्याव्यात. मोळी पडल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, वाहतूक ठेकेदार ऐकण्याच्या स्थितीत नसतो. नवरात्र आणि कोजागिरीला तुळजापूरकडे पायी निघणारे भाविक, पैठणच्या नाथषष्ठीच्या दिंड्या यांच्यासाठीही हेच लागू आहे. साइडपट्टीवरच्या बाभळी तोडणे आणि खचलेली बाजू मुरूम टाकून भरणे ही कामे महिनाभर आधी मागितली तरच होतात.

विक्रेते आणि दुकानदार

पदपथ मोकळा करण्याची मागणी पाहता पाहता हातगाडीवाल्यांना हुसकावण्याची मागणी होऊन बसते. हे टाळावे, कारण ते अन्यायाचे आहे आणि टिकतही नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आपला नकाशा घेऊन त्या समितीपुढेच जावे आणि विक्रीची जागा व चालण्याची जागा एकत्र आखून मागावी. भाजीवाली बाई सकाळपासून त्याच जागी बसलेली असते, त्यामुळे तिथे कोण पडले, कोण धडकले याची सर्वांत खात्रीची माहिती तिच्याकडेच असते.

दुकानदारांची भीती पार्किंगची असते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याच दुकानासमोर उभे राहून पायी, सायकलने, दुचाकीने आणि चारचाकीने आलेली गिऱ्हाइके मोजून दाखवावीत. "असले रस्ते पुण्या-मुंबईला शोभतात" असे कोणी म्हणाले तर नांदेडचे उदाहरण द्यावे: शीख धर्मीयांच्या २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या काळात केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातून तेथील प्रमुख रस्त्यांवर पदपथ आणि सायकलमार्ग बांधले गेले. त्यांची देखभाल पुढे कशी झाली, तेही नांदेडला जाऊन पाहून यावे.

खर्चाची तरतूद झाली नाही तर मंजूर झालेली मागणीही पुढच्या वर्षावर जाते. म्हणून महापालिका किंवा नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, प्रभागातील नगरसेवकांकडे आणि लेखा विभागाकडे कामाचे नाव व ढोबळ खर्च लिहून द्यावा. काम सुरू झाल्यावर जागेवर जाऊन मंजूर नकाशातील रुंदी मोजपट्टीने पडताळावी. माहिती अधिकाराच्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. फरक आढळल्यास देयक अदा होण्यापूर्वी उपअभियंत्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि त्या पत्राचीही पोच घ्यावी.