अख्खी खोली एकाच रंगात, कलर ड्रेंचिंग घरच्या घरी कसं करायचं

सध्या इंटिरियरचे फोटो बघितले की एक गोष्ट सारखी दिसते, भिंती, सिलिंग, दार, खिडकीची चौकट, स्कर्टिंग सगळं एकाच रंगात बुडवलेलं. ह्यालाच कलर ड्रेंचिंग म्हणतात. मधे बरीच वर्षं एकच ॲक्सेंट वॉल गडद आणि बाकी सगळं पांढरं किंवा ग्रे असं चालायचं, आता ते ग्रे मागे पडून मातकट, ऑलिव्ह, तपकिरी असे उबदार रंग आलेत. मी घरातली एक छोटी खोली अशी ऑलिव्ह केली, त्यात जे कळलं ते सांगतो. रंग मारणं हे त्यातलं सोपं काम आहे, घोळ होतो तो शेड निवडताना आणि दारावर.

आधी खोली ठरवा

पहिल्यांदा करताय तर हॉल नको, स्टडी, बेडरूम, पॅसेज असं काहीतरी घ्या. छोट्या खोलीत गडद रंग लावला की ती अजून छोटी दिसते असं सगळे सांगतात पण सिलिंगसकट एकच रंग असला की भिंत कुठे संपली ती पांढरी रेघच दिसत नाही, कोपरे विरघळतात, त्यामुळे वाटतं तेवढी कोंदट दिसत नाही. मोठी मात्र ती दिसणार नाही, कोण काही म्हणो.

शेड निवडणं (इथे वेळ घालवा)

शेड कार्डावरच्या दोन बोटांच्या तुकड्यावरून रंग ठरवू नका प्लीज. चारी बाजूंनी तोच रंग आला की भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो आणि रंग कार्डापेक्षा जास्त गडद, जास्त भडक वाटतो. म्हणून मनात जी शेड आहे तिच्याहून एक पायरी मळकट घ्या. बऱ्याच कंपन्या शेडसोबत एलआरव्ही आकडा देतात, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो, काळ्याच्या बाजूला ०, पांढऱ्याच्या बाजूला १००. खोलीत उजेड कमी असेल आणि दिवसा तिथे काम करायचं असेल तर फार खालचा आकडा घेऊ नका.

मग सॅम्पलचा छोटा डबा आणा आणि थेट भिंतीवर नाही तर दोन फुटी जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारा. भिंतीवर मारला तर शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर टेका, मग खिडकीच्याच भिंतीवर, मग वर धरा, सकाळी बघा आणि रात्री दिवे लावून तर बघाच.

रात्रीचा मुद्दा महत्त्वाचा कारण माझी पहिली शेड तिथेच आपटली. दिवसा मस्त मातकट हिरवी, रात्री ट्यूबखाली शेवाळ. ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर उजेड उबदार रंगातली ऊब मारून टाकतो, त्यामुळे आधी बल्ब बदला, २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि पाकिटावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलंय का बघा, हा आकडा कमी असला की रंग फिके आणि खोटे दिसतात. गडद भिंती उजेड पिऊन टाकतात म्हणून मधोमध एकच दिवा पुरत नाही, दोन-तीन ठिकाणी लॅम्प हवेत.

आणि वर्षाच्या रंगामागे धावू नका. पँटोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते, तिने २०२५ ला मोका मूस म्हणजे तपकिरी दिला आणि २०२६ ला क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. दरवर्षी पुट्टी-प्रायमर कोण करणार!

किती रंग लागेल

१० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती ४४० चौरस फूट, सिलिंग १२०, दार-खिडकीचे ६० वजा करा, उरले ५००. इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) साधारण लिटरला एका हातात ११० ते १३० चौरस फूट जातं, तर दोन हातांना ८ ते ९ लिटर. गडद शेड कधीकधी तिसरा हात मागते, नाहीतर प्रायमरच राखाडी करून घ्या, बरंच काम वाचतं. सगळे डबे एकाच वेळी आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. मी एक डबा आठवड्याने आणला, कोड तोच, तरी एक भिंत किंचित वेगळी दिसते, मला अजून दिसते.

भिंत तयार करणं

ओल असेल तर आधी ती. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, एक-दोन दिवसांनी काढा, आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, पोपडे येणारच. भिंत कोरडी असेल तर मेन स्विच बंद करून स्विचबोर्डाच्या प्लेटा काढा, पोपडे खरवडा, भेगा भरा, पुट्टी, घासणं, प्रायमर, नेहमीचंच.

दार आणि चौकटी

घाई केली की सगळ्यात आधी इथलाच रंग सुटतो. जुन्या दारावर बहुतेक ऑइलपेंट असतो आणि त्यावर पाण्यातला रंग थेट मारला तर काही दिवसांत नखाने सोलून निघतो. ओळखायची युक्ती, कापसावर ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात घासा, रंग कापसाला आला तर पाण्यातला, नाही आला तर ऑइल. ऑइल असेल तर १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, पुसा, मग ऑइलवर चिकटणारा बाँडिंग प्रायमर, मग रंग. घर फार जुनं असेल तर त्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासून धूळ उडवू नका, आधी तपासून घ्या, लहान मुलं असतील तर नक्कीच.

फिनिशचं सांगायचं तर भिंती आणि सिलिंग मॅट, दार-चौकटी सॅटिन. दाराला हात लागतात, पुसावं लागतं. शेड एकच असली तरी चमक वेगळी म्हणून दार जरा उठून दिसतं आणि ते छानच दिसतं. भिंतीला मात्र चकचकीत नको, पुट्टीची प्रत्येक लाट दिसते.

रंग मारताना

आधी सिलिंग, मग भिंती, शेवटी लाकूडकाम. ह्यातली मजा म्हणजे सिलिंग आणि भिंतीच्या सांध्यावर टेप लावून सरळ रेघ काढायची कटकटच नाही, दोन्हीकडे तोच रंग. कडा ब्रशने काढा आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा, नाहीतर ब्रशची चौकट वाळल्यावर दिसते. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेत तेवढे तास थांबा, पहिल्या हातानंतर खोली भयंकर दिसते, ठिगळं ठिगळं, घाबरून लगेच दुसरा हात मारू नका. फरशीच्या कडेची टेप शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, वाळल्यावर ओढली तर रंगाची सालं सोबत येतात.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यावर शेड कोड आणि तारीख लिहा. मॅट भिंतीवरचा ओरखडा छोट्या ब्रशने झाकला तर सहसा कळत नाही, सॅटिनच्या दारावर कळतो, तिथे अख्खं पॅनेलच परत मारावं लागतं.