उपग्रहाचा डेटा उशिरा येतोय? तो कुठे अडकतो ते असं शोधा

पूर किंवा वणव्याच्या कामात ‘डेटा अजून आला नाही’ एवढं म्हणून भागत नाही. तो कुठे अडकलाय हे कळलं, तर वाट बघायची की दुसऱ्या उपग्रहाकडे वळायचं हे वेळेत ठरवता येतं.

१. तीन क्षणांच्या वेळा लिहून ठेवा: उपग्रहाने जमीन टिपली ती, फाइल तयार झाली ती आणि फाइल डाउनलोडसाठी दिसू लागली ती. पहिल्या दोन वेळांमध्ये डेटा जमिनीवरच्या ग्रहण केंद्रावर उतरतो आणि त्यावर प्रक्रिया होते. पुढचं अंतर वितरणाचं.

२. पहिल्या दोन वेळा बहुतेकदा फाइलीच्या नावातच सापडतात. समजा, मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणाच्या फाइलीच्या नावात ‘ए’ अक्षरानंतर २०२४०४५ आहे. म्हणजे २०२४ सालचा पंचेचाळिसावा दिवस, १४ फेब्रुवारी. शेवटी २०२४०४७०३१५२२ असेल, तर फाइल १६ फेब्रुवारीला ३ वाजून १५ मिनिटं २२ सेकंदांनी तयार झाली. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. सगळ्या नोंदी यूटीसीतच ठेवा, नाहीतर नसलेला उशीर दिसू लागतो. संगणक फाइलीसमोर जी तारीख दाखवतो ती मात्र वापरू नका, ती बहुधा तुमच्या डाउनलोडची असते. सेंटिनेल या युरोपीय उपग्रहांसाठी कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या कॅटलॉगमध्ये (फाइलींच्या ऑनलाइन यादीत) टिपण्याची आणि प्रकाशनाची वेळ वेगवेगळी दिलेली असते.

३. आता ‘उशीर’ कशाला म्हणायचं ते ठरवा. नासाच्या लान्स या तातडीने डेटा देणाऱ्या सेवेतला बराचसा डेटा टिपल्यापासून ३ तासांत मिळतो. त्याच उपकरणाची प्रमाणित आवृत्ती नंतर येते, कारण ती उपग्रहाच्या कक्षेच्या अधिक अचूक माहितीसाठी थांबते. दोन्हींना एकच मोजपट्टी लावणं अन्यायाचं आहे. लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहाची दृश्यं आधी ‘रिअल टाइम’ म्हणून येतात आणि पुढे सुधारून त्यांच्या जागी अंतिम आवृत्ती येते. ही बदललेली फाइल नवा उशीर म्हणून मोजू नका.

४. मुळात काही टिपलं गेलं होतं का, हे बघा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. लँडसॅट ८ आणि ९ मिळून एका जागेवरून दर ८ दिवसांनी जातात. मधल्या दिवसाची फाइल शोधून उपयोग नाही. सेंटिनेल-१बी हा रडार उपग्रह डिसेंबर २०२१मध्ये बंद पडला, तेव्हा कितीतरी भागांत रडार दृश्यांमधलं अंतर ६ दिवसांवरून १२वर गेलं. तो वितरणातला उशीर नव्हता. निरीक्षणाचं वेळापत्रक आणि संस्थेची सूचना-पानं आधी वाचा.

५. दर तासाला कॅटलॉग तपासणारी छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावा आणि फाइल पहिल्यांदा दिसली ती वेळ नोंदवा. महिनाभराने उशिरांच्या सरासरीऐवजी मध्यक (सगळे उशीर क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा. एका दिवसाच्या बिघाडाने सरासरी फुगते. सोबत सर्वांत मोठा उशीरही लिहा, आणीबाणीत तोच नडतो.

मदतकक्षाला लिहिताना फाइलीचं पूर्ण नाव आणि तिन्ही वेळा द्या. नुसत्या ‘डेटा येत नाही’वरून त्यांनाही शोध कुठून सुरू करायचा ते कळत नाही.