एम्युलेटर उघडायच्या आधी हाताशी काय हवं

एम्युलेटर म्हणजे जुन्या गेमच्या यंत्राची, म्हणजे कन्सोलची, नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. आधी कन्सोल ठरवा, एम्युलेटर आपोआप ठरतो. सुरुवातीला एकच कन्सोल घ्या. सगळं एकाच छताखाली देणारा रेट्रोआर्च मलाही आवडतो, पण त्याचे मेनू नवख्याला चक्रावून टाकतात. पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन, दुसऱ्यासाठी पीसीएसएक्स२, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी, गेमक्यूब आणि वी या दोन्हींसाठी डॉल्फिन, गेमबॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए. यातला एक उतरवून घ्या, तोही त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. पहिल्यांदाच करत असाल तर १९९४ सालच्या पहिल्या प्लेस्टेशनपासून सुरुवात करा असं मी सांगेन. साध्या लॅपटॉपवर तो चालतो, आणि त्याची तयारी जमली की बाकीच्यांची निम्मी जमलेली असते. पुढचं म्हणूनच बरंचसं त्याला धरून लिहिलं आहे.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) किती आहेत हे मोजत बसू नका, एकेक कोअर किती वेगाने धावतो ते पाहा. प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा होता, पण त्याची प्रत्येक सूचना आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उलटवून घ्यावी लागते, आणि त्याचे वेगवेगळे भाग एकमेकांच्या तालावर चालावे लागतात. हे काम दहा जणांत वाटता येत नाही. म्हणून तिथे जुन्या आठ कोअरपेक्षा नवे चार कोअर सरस ठरतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर प्रोसेसर स्वतःला आवरून धरतो आणि आवाज तुटक यायला लागला की आपण एम्युलेटरला दोष देत बसतो.

डिस्कवरची जागा आधीच मोजून ठेवा. पहिल्या प्लेस्टेशनची सीडी साधारण ७०० मेगाबाइटपर्यंत जाते, प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी ४.७ गिगाबाइट आणि दोन थरांची असली तर ८.५. कार्ट्रिजवाल्या कन्सोलना (आपण तिला सरसकट कॅसेटच म्हणायचो) जागेची चिंता नाही, निन्टेन्डो ६४ ची सगळ्यात मोठी कार्ट्रिजसुद्धा ६४ मेगाबाइटची. फोल्डर आपला आपण वेगळा करा, विंडोजच्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका. तिथे लिहायची परवानगी अडते आणि सेटिंग जतनच होत नाहीत. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. देवनागरी नाव वाचायला छान दिसतं, पण काही जुने एम्युलेटर त्यापाशी अडखळतात. डकस्टेशन आणि डॉल्फिनच्या फोल्डरमध्ये ‘portable.txt’ नावाची रिकामी टेक्स्ट फाइल टाकली की सेटिंग, मेमरी कार्ड, सगळं त्याच फोल्डरमध्ये राहतं. उद्या मशीन बदललं तर फोल्डर उचलायचा नि चालायला लागायचं.

आता बायोस. पहिल्या दिवशी बहुतेक जण इथेच थांबतात. कन्सोल चालू केला की लोगो आणि आवाज येतो तो ज्या प्रोग्राममधून, तो हा बायोस. कन्सोलच्या आत एका चिपवर तो असतो. डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ यांना तो लागतोच. पीपीएसएसपीपी आणि डॉल्फिनला लागत नाही, त्यांनी ते काम स्वतःच लिहून काढलं आहे. एम्युलेटरसोबत बायोस का मिळत नाही, असं प्रत्येक जण एकदा तरी विचारतो. एम्युलेटर हा वेगळा, नव्याने लिहिलेला प्रोग्राम असतो; २००० साली अमेरिकेतल्या सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला तो अशाच एका प्रोग्रामबद्दल. बायोस मात्र सोनीच्या कॉपीराइटखाली आहे, म्हणून तो आपल्याच कन्सोलमधून काढून घ्यायचा. फाइल हाती आली की आधी तिचा आकार बघा: पहिल्या प्लेस्टेशनचा बायोस बरोबर ५,२४,२८८ बाइटचा असतो, प्लेस्टेशन २ चा मुख्य भाग ४ मेगाबाइटचा. एक बाइट जरी कमी भरला तरी काढताना काहीतरी चुकलं आहे, पुन्हा काढा.

बायोसला प्रदेश असतो, तसाच गेमलाही. जपान, अमेरिका आणि युरोप असे तीन. युरोपच्या डिस्क ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलत चालायच्या, बाकीच्या ६० वर. तेव्हा युरोपियन गेम ५० वर अडकला म्हणून सेटिंग उलटीपालटी करू नका. त्याचा वेगच तेवढा.

डिस्कची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली प्रत, करण्याकडे नीट लक्ष द्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात, गेमक्यूब आणि वी यांच्या डिस्क मात्र बहुतेक ड्राइव्हमध्ये वाचता येत नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनची इमेज आयएसओ या प्रकारच्या फाइलमध्ये करू नका, बिन आणि क्यू अशा दोन फाइलींच्या जोडीत करा. बऱ्याच गेमचं संगीत त्या सीडीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं. आयएसओ करताना ते ट्रॅक गळतात, आणि मग गेम चालतो पण मुका. बिन फाइलमध्ये सीडीवरच्या प्रत्येक सेक्टरचे (माहितीच्या छोट्या तुकड्याचे) सगळे २३५२ बाइट जसेच्या तसे येतात, आणि क्यू ही साधी मजकुराची फाइल, कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो ते सांगणारी. ती नोटपॅडमध्ये एकदा उघडून बघाच. पहिल्याच ओळीत अवतरणचिन्हांमध्ये बिन फाइलचं नाव असतं. मी एकदा हौसेने सगळ्या बिन फाइलींची नावं सुटसुटीत केली आणि त्यानंतर एकही गेम उघडेना. बायोस बदलला, एम्युलेटर पुन्हा टाकला, रात्र गेली. क्यूमधल्या त्या ओळीत जुनंच नाव होतं. दोन्हीकडे एक नाव केलं आणि सुरू झालं. नावं बदलायची असतील तर दोन्हीकडे बदला, किंवा सरळ मेम या एम्युलेटरबरोबर येणाऱ्या सीएचडीमॅन या प्रोग्रामने दोन्हींची मिळून एक सीएचडी फाइल करा. आकार घटतो, मूळ माहितीतलं काही जात नाही, आणि जोडी तुटायचा प्रश्न मिटतो.

गेमपॅड एम्युलेटर उघडायच्या आधी जोडा आणि विंडोजला तो दिसतोय ना ते तपासा. ब्लूटूथवर दाबणं आणि हलणं यात किंचित अंतर पडतंय असं वाटलं तर केबल लावा. एक गंमत लक्षात ठेवा: प्लेस्टेशनच्या पहिल्या गेमपॅडला अंगठ्याने हलवायच्या काड्याच नव्हत्या, काड्या असलेला ड्युअलशॉक गेमपॅड आला १९९७ मध्ये. त्यामुळे सुरुवातीचे काही गेम ॲनालॉग, म्हणजे काड्यांच्या, गेमपॅडला ओळखत नाहीत. गेम चालतोय पण पात्र हलत नाही असं झालं तर आधी एम्युलेटरमध्ये गेमपॅड डिजिटल, म्हणजे बिनकाड्यांचा, करून बघा.

सेव्हचं आधी ठरवा. एका बटणावर होणारी सेव्ह स्टेट सोयीची असते, पण ती त्या क्षणीच्या मशीनचा अख्खा फोटो असते, आणि एम्युलेटरची आवृत्ती बदलली की कधी कधी उघडत नाही. गेमच्या आतला मेमरी कार्डवरचा सेव्ह मात्र टिकतो. ते कार्ड म्हणजे फक्त १२८ किलोबाइटची फाइल. आठवड्यातून एकदा तिची प्रत दुसरीकडे ठेवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

एवढं झाल्यावर एम्युलेटर उघडा, बायोसचा आणि गेमचा फोल्डर दाखवा, गेमपॅडची बटणं जुळवा आणि बाकी कशालाही हात न लावता एकच गेम सुरू करा. पंधरा मिनिटं खेळा, मेमरी कार्डवर सेव्ह करा, सगळं बंद करा, पुन्हा उघडा. सेव्ह जागेवर असेल तरच चित्राकडे वळा. मूळ चित्र बहुतेक ३२० बाय २४० चं, ते पाचपट केलं की फुल एचडी पडद्याची उंची भरते. कडा सरळ राहत नाहीत, पात्रं थरथरतात, हा बिघाड नाही. त्या कन्सोलला बिंदूची जागा पूर्णांकातच मोजता यायची. डकस्टेशनमध्ये पीजीएक्सपी नावाचं सेटिंग चालू केलं की थरथर बरीच थांबते. मी ते कधी चालू ठेवतो, कधी बंद.