गेमची वर्गणी भरण्याआधी
गेमची वर्गणी परवडते का, हे नुसत्या रकमेवरून ठरवू नका. रकमेला महिनाभरात खरंच खेळलेल्या तासांनी भागा. ३०० रुपयांत ३० तास खेळलात तर तासाला १० रुपये, चारच तास खेळलात तर ७५! जळगाव-धुळ्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याघरच्या पोरांना फुरसत कुठे असते? म्हणून स्वस्त दिसली तरी वर्षाची वर्गणी नको, सुट्टीच्या मे महिन्यापुरती घ्या. आणि गेम मोबाईलमधून काढून टाकला म्हणजे वर्गणी थांबली, असं अजिबात समजू नका. पैसे कटतच राहतात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून सबस्क्रिप्शन्समधून ती रद्द करावी लागते. रद्द केल्यावरही सहसा पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत खेळता येतं, त्यामुळे वर्गणी घेतल्या दिवशीच हे काम उरका.