टीबीचे सगळे जंतू लगेच मरत नाहीत, काही झोपतात: गोळ्या घेताना या चुका टाळा

आमच्या चाळीतल्या एका मावशींच्या गादीखाली एकदा टीबीच्या गोळ्यांच्या अडीच पट्ट्या सापडल्या. दीड महिन्यात खोकला गेला होता, संध्याकाळची कसर थांबली होती, वजनही भरलं होतं. "बरी झाले की रे, आता उगाच पोटात आग कशाला?" इति मावशी. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गुण येतो तेव्हा मेलेले असतात ते भराभर वाढणारे जंतू. भराभर म्हणजे तरी किती? पोट बिघडवणारा ई. कोलाय पोषक वातावरणात 20 मिनिटांत एकाचे दोन होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी 18 ते 20 तास लागतात. फुप्फुसातल्या ज्या पेशी त्याला गिळून मारायला येतात, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. शरीर मग भोवती गाठ बांधतं. आत प्राणवायू कमी, खायला कमी, आंबटपणा जास्त. अशा वेळी तो वाढ थांबवून पडून राहतो. आयसोनियाझिड हे औषध जंतूच्या मेणचट भिंतीचं बांधकाम पाडतं, पण ज्याचं बांधकामच बंद आहे त्याचं काय पाडणार? हा झोपलेला जंतू अजून औषधाला प्रतिकार करायला शिकलेला नसतो, तो फक्त तग धरून असतो. मध्येच जाग्या होणाऱ्यांना रिफाम्पिसिन गाठतं, आंबट कोपऱ्यातल्यांना पायराझिनामाइड. त्यासाठीच सहा महिने लागतात.

दुसरी चूक, गोळ्या सुट्या असतील तर त्यातली जड जाणारी आपल्या मनाने गाळणं. खरा प्रतिकार जनुकातल्या बदलाने येतो. तो बदल औषध घडवत नाही, तो आधीच कुठेतरी झालेला असतो. साधारण 10 लाख जंतूंत एक आयसोनियाझिडला आणि 10 कोटींत एक रिफाम्पिसिनला दाद न देणारा निघतो. फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे असे एकांडे सापडणारच. दोन्ही औषधं एकत्र असली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू मिळणं जवळपास अशक्य. एक औषध गाळलं की त्या एकांड्याला रान मोकळं. हाच खेळ डॉक्टरांच्या हातूनही होतो: चालू औषधांनी गुण येत नाही म्हणून त्यात एकच नवं औषध वाढवायचं. थोड्या दिवसांत तेही वाया जातं. आधी बेडका तपासून कुठली औषधं चालतात ते पाहायचं, मगच बदल.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन आणून खाणारे तर घरोघरी भेटतील. ते टीबीच्या जंतूला थोडं दडपतं, निदान लांबतं, आणि एमडीआर टीबीत (ज्यात आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही चालत नाहीत) लागणारं मोलाचं औषध आधीच बोथट होऊन बसतं.

"मी टीबीची गोळी कधी खाल्लीच नाही, मग मला एमडीआर कसा?" हाही नेहमीचा प्रश्न. प्रतिकारक जंतूही खोकल्यातून, हवेतूनच पसरतो आणि आजार तसाच करतो. मुंबईच्या दाटीवाटीच्या खोल्यांत तो पहिल्याच फटक्याला लागू शकतो. त्यामुळे रिफाम्पिसिन चालतं की नाही हे पहिल्याच दिवशी सीबीनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने बघावं. मशीनला दोनेक तास पुरतात. पण बरे झालो का ते बघायला तीच चाचणी पुन्हा करू नका. तिला मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो आणि घरात विनाकारण रडारड होते. त्यासाठी बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) असतं.

लघवी नारिंगी झाली म्हणून गोळ्या बंद करू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा ओळखू येईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

एमडीआर निघालाच तर हाय खाऊ नका. पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं चालत, इंजेक्शनांनी कानही जात. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा उपचार योग्य रुग्णांना मिळतो. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, ते लपवू नका.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, टीबीच्या उपचार केंद्रावर सांगा. आणि जाताना जुने रिपोर्ट, चिठ्ठ्या, उरलेल्या-रिकाम्या पट्ट्या, सगळं पिशवीत घालून न्या. मावशींच्या त्या अडीच पट्ट्या मीही तशाच नेऊन दाखवल्या.